भंगारातलं रेडिएशन तपासायला गेटवर नेमकं काय ठेवावं?

शिरोलीकर | सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, पहिलाच धागा, तर चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे. वडलांनी क्युपोलावर चालू केलेली, आता एक इंडक्शन फर्नेस. पंपाची हाउसिंग, ट्रॅक्टरचे ब्रॅकेट असला माल. गेल्या महिन्यात जर्मनीच्या एका गिऱ्हाइकानं पीओत (खरेदीच्या ऑर्डरीत) एक ओळ वाढवली, की प्रत्येक लॉटबरोबर माल रेडिओॲक्टिव्ह नसल्याचं सर्टिफिकेट पाहिजे. मी आमच्या भंगारवाल्याला सांगितलं तर त्यानं समोरचा चहा संपायच्या आत लेटरहेडवर लिहून दिलं, वर शिक्का पण मारला. आता त्याच्याकडं मीटर सोडा, धड टॉर्च पण नाही.

तर प्रश्न असे. हातातला मीटर पुरतो का, का ते गेटवर दोन खांबांचं पोर्टल बसवावं लागतं? आमच्याकडं स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते सांगणारं मशीन) आहे, प्रत्येक हीटचं, म्हणजे वितळवणीचं, बटण (नमुन्याचा तुकडा) त्यावर जातंच, तर त्यात हे कळत नाही का? आणि समजा मीटर वाजलाच तर गाडी सरळ परत पाठवायची ना?

चहाटळ | सोमवार, रात्री १०.५०

आधी त्या भंगारवाल्याचा शिक्का तपासून घ्या.

जालनेकर | सोमवार, रात्री ११.३५

शिरोलीकर भाऊ, चांगला विषय काढला. मी इकडं सळईच्या कारखान्यात सहा वर्षं गेटवर होतो (नाव विचारू नका, अजून तिथंच पगार आहे). आमच्याकडं पोर्टल आहे. दोन्ही बाजूला माणसापेक्षा उंच पेट्या, आत प्लास्टिकचे मोठे सिंटिलेटर (रेडिएशन पडलं की चमकणारे ठोकळे, त्यावरून मोजणी होती), मधून गाडी जाती. गाडी ताशी पाच-आठ किलोमीटरनीच गेली पाहिजे, पण आपले ड्रायव्हर काय, बारा तास टोलनाके बघून आलेले, गेट दिसलं की ॲक्सिलरेटर दाबत्यात. शेवटी आम्ही पोर्टलच्या पुढं मागं दोन खच्चून गतिरोधक टाकले, तेव्हा कुठं आकडे नीट यायला लागले.

गंमत म्हणजे भरलेली गाडी मधी आली की आकडा वाढायच्या ऐवजी खाली जातो. जमिनीतून येणारं नैसर्गिक रेडिएशन लोखंडानं अडतं ना. पहिल्यांदा मला वाटलं मशीन बिघडलं. सॉफ्टवेअरला हे धरून हिशोब करावा लागतो, नाहीतर खरा माल असला तरी त्या खड्ड्यात लपून जातो.

आता खरं सांगतो. पहिल्या वर्षी हूटर लय वाजायचा. एकदा फर्नेसच्या जुन्या विटा निघाल्या, एकदा टाइल्सचा चुरा, एकदा तर गाडी रिकामी आणि हूटर चालू! शेवटी कळलं की ड्रायव्हरची आदल्याच आठवड्यात हृदयाची कसली तरी तपासणी झालेली, त्यात इंजेक्शन दिलेलं. त्याला खाली उतरवून लांब उभं केलं, गाडी परत काढली, शांत. बिचारा घाबरून रडायला आलता. पण ह्या रोजच्या कटकटीनं झालं काय, की एक दिवस शिफ्टवाल्या साहेबानं हूटरची वायरच काढून ठेवली. दोन महिने पोर्टल नुसतं शोभेला. कुणाला पत्ता नाही.

मीटर कोणता घेता ह्याच्यापेक्षा वायर कोण काढतो ते बघा, एवढंच माझं म्हणणं.

गॅमाताई | मंगळवार, सकाळी ७.१५

मी हॉस्पिटलमधे रेडिओथेरपी विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे, त्यामुळे राहवलं नाही.

शिरोलीकर, आधी स्पेक्ट्रोचं. त्याच्यात कळत नाही, अजिबात नाही. स्पेक्ट्रो ठिणगी पाडून त्या प्रकाशावरून कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती सांगतो. साधा कोबाल्ट आणि कोबाल्ट-६०, म्हणजे त्याचा किरणोत्सारी प्रकार, त्याच्या दृष्टीने एकच. आणि लोखंड किरणोत्सारी व्हायला कोबाल्ट-६० इतका थोडा पुरतो की स्पेक्ट्रोच्या आकड्यात तो दिसणारच नाही. तुमचं बटण उत्तम ग्रेडचं म्हणून पास होईल.

दुसरं, वितळल्यावर कोण कुठे जातं हे समजून घ्या. कोबाल्ट धातूतच राहतो, म्हणजे सरळ तुमच्या कास्टिंगमधे. सीझियम-१३७ त्या तापमानाला वाफ होऊन धुरातून जातो आणि बॅग फिल्टरच्या धुळीत बसतो. रेडियम, अमेरिशियम, थोरियम बहुतेक स्लॅगमधे (वर तरंगणाऱ्या मळीत). म्हणून फक्त तयार माल तपासून सगळं ठीक म्हणता येत नाही. स्पेनमधे अल्हेसिरासजवळ १९९८ च्या मे महिन्यात हेच झालं. सीझियमचा एक सोर्स (यंत्रात वापरायचा किरणोत्सारी तुकडा) भंगारातून स्टेनलेस स्टीलच्या भट्टीत गेला, गेटवर डिटेक्टर असून. स्टील स्वच्छ निघालं! सगळं धुळीत आणि हवेत. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटलीकडच्या हवा तपासणाऱ्या केंद्रांना आधी कळलं आणि मग उलटा शोध घेत लोक कारखान्यापर्यंत आले.

ड्युटीवर जायचंय, परत पाठवण्याबद्दल संध्याकाळी लिहिते. तोवर कृपया कुणी काही परत पाठवू नका.

प्रश्नार्थक | मंगळवार, सकाळी ९.०२

माझं मत वेगळं आहे, झोडा हवं तर. हे सगळं पाश्चात्त्यांचं नाटक आहे. आपला माल स्वस्त पडतो म्हणून एकेक कागद वाढवायचा, आज रेडिएशन, उद्या कार्बन. त्यांचंच भंगार कंटेनर भरभरून आपल्याकडे येतं आणि सर्टिफिकेट आपण द्यायचं. इतक्या वर्षांत शिरोलीत कुणाला काय झालंय?

राईनकाठचा | मंगळवार, दुपारी १.२०

@प्रश्नार्थक, भंगार त्यांचं येतं हा मुद्दा मान्य. पण नाटक नाही हो. मी इकडे जर्मनीत रीसायकलिंगच्याच धंद्यात आहे, २००८ साली इकडे आलो तेव्हा हीच चर्चा चालू होती. त्या वर्षी ऑक्टोबरमधे फ्रान्समधे लिफ्टच्या बटणांमधे कोबाल्ट-६० सापडला. रोज हजारो लोक बोट लावतात ती बटणं! जोडणी करणाऱ्या कारखान्यातल्या वीसेक कामगारांना डोस बसला होता. स्टील भारतातून गेलेलं, आणि माग काढत काढत तपास कुठे आला माहितीये? आपल्या खोपोलीजवळच्या एका फाउंड्रीपर्यंत. पुढे २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेत टिशू पेपरचे स्टीलचे डबे, तेही भारतात बनलेले, कॅलिफोर्नियात ट्रकच्या काट्यावर डिटेक्टर वाजला म्हणून सापडले. २०१३ मधे एका ब्रिटिश ऑनलाइन दुकानाला पट्टे परत मागवावे लागले, त्यावरच्या धातूच्या टिकल्या कोबाल्टवाल्या.

फाउंड्रीवाल्यानं मुद्दाम केलं असं नाही. त्याला कळलंच नसणार. शिरोलीकरांना स्पेक्ट्रोवर जेवढा भरवसा होता तेवढाच त्यालाही असेल.

झंपी | मंगळवार, दुपारी १.४१

म्हणजे आता लिफ्टमधे बटण दाबायला पण नवऱ्यालाच पुढे करायचं का? (तसाही दुसरा उपयोग नाही)

मोरपीस | मंगळवार, दुपारी २.१०

सिरियसली विचारतेय, आपली स्टीलची भांडी? माझ्या रुखवतातली भांडी अजून वापरात आहेत, आणि जुने कपडे देऊन घेतलेली पातेली वेगळीच.

चहाटळ | मंगळवार, दुपारी २.१३

रुखवतातल्या भांड्यांतून फक्त सासूबाईंचे टोमणे बाहेर पडतात, त्यांचं अर्धायुष्य अनंत असतं.

कुर्ल्याची_पोर | मंगळवार, दुपारी ४.३०

माझ्या आजोबांचं आणि मग बाबांचं कुर्ल्यात भंगाराचं दुकान होतं. प्रश्नार्थक यांचं "कुणाला काय झालंय" वाचून लिहितेय.

भंगारात माणूस काय शोधतो? जड वस्तू. हातात घेतल्यावर दिसते त्यापेक्षा जड लागली की बाबांचे डोळे चमकायचे. शिसं. लोखंडाच्या किलोला जे मिळतं त्याच्या कितीतरी पट शिशाला मिळतं, तांब्याला त्याहून जास्त. आता किरणोत्सारी सोर्स कशात ठेवतात? शिशाच्या जाड भांड्यात, वरून स्टीलचं चकचकीत कवच, मजबूत बोल्ट. म्हणजे आमच्यासारख्यांच्या नजरेला लॉटरीच. पहिलं काम काय, तर छिन्नी लावून कवच वेगळं, शिसं वेगळं. आणि आतला बोटाएवढा तुकडा? "ठेव बाजूला, कसला धातू आहे बघू."

मायापुरीत दिल्लीला २०१० मधे असंच झालं. विद्यापीठाच्या रसायन विभागातलं गॅमा यंत्र १९८५ पासून पडून होतं, फेब्रुवारीत लिलावात भंगारात काढलं. मायापुरीत ते फोडलं, आतले कोबाल्टचे तुकडे वेगवेगळ्या दुकानांत गेले. एकानं त्यातला छोटा तुकडा पाकिटात ठेवला होता. पाकिटात! मागच्या खिशात घालून हिंडत होता. एक जण गेला, बाकीचे कित्येक दिवस हॉस्पिटलमधे. आणि विकणारे कोण, तर ज्यांना वाचता येतं ते.

ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा बाबा जेवत होते. जेवण तसंच ठेवून खाली गेले आणि दुकानाच्या माळ्यावर ठेवलेली एक जड नळी होती ती उघडून बघितली. साधा मशीनचा काउंटरवेट निघाला. पण उघडताना हात थरथरत होते त्यांचे. खरं तर उघडायलाच नको होती, हे आता कळतंय.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, संध्याकाळी ६.०५

कुर्ल्याची_पोर, फार नेमकं लिहिलंत. या संदर्भात मेक्सिकोतलं हुआरेझचं प्रकरण आठवतं. कॅन्सरवरचं कोबाल्टचं यंत्र एका खाजगी दवाखान्यानं घेतलं आणि ते न वापरता गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलं. १९८३ च्या डिसेंबरात तिथल्या दुरुस्तीवाल्यानं ते भंगारात नेऊन विकलं. आत मोहरीएवढ्या गोळ्या, जवळजवळ सहा हजार! काही ट्रकच्या हौद्यात सांडल्या, बाकी भंगाराबरोबर भट्टीत गेल्या आणि त्यांच्या सळया झाल्या. कळलं कसं? १९८४ च्या जानेवारीत अशा सळया भरलेला एक ट्रक अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेपाशी रस्ता चुकला आणि तिथला डिटेक्टर वाजला. ड्रायव्हर चुकला नसता तर आणखी किती घरं त्या सळयांवर उभी राहिली असती. तैवानमध्ये तर अशाच दुसऱ्या दूषित सळयांवर राहिलीच. ऐंशीच्या दशकात बांधलेल्या इमारतींतल्या सळया दूषित आहेत हे १९९२ मध्ये कळलं, तोवर लोक त्यात संसार करत होते.

अवांतर: आमच्या लहानपणी लग्नात गॅसबत्त्या असायच्या. त्यांच्या जाळीत थोरियम असायचं. आम्ही पोरं जळलेल्या जाळीची पांढरी राख बोटानं फोडायचो. आज बहात्तर वर्षांचा आहे.

चहाटळ | मंगळवार, संध्याकाळी ६.११

मास्तर, रात्री दिवा न लावता वाचता येतं का?

गॅमाताई | मंगळवार, रात्री ९.४०

चहाटळ :) नाही येत. आणि एक गैरसमज इथेच मोडते, किरणोत्सारी वस्तू हिरवी चमकत नाही. मायापुरीच्या पाकिटातला तुकडा साध्या धातूसारखाच दिसत होता. १९८७ साली ब्राझीलमधे गोयानियात मात्र सीझियमची पूड अंधारात निळसर दिसली, आणि तेच वाईट ठरलं. बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र भंगारवाल्याकडे आलं, निळा उजेड बघून लोकांनी ती पूड घरोघर वाटली, अंगाला लावली. चौघं गेली, त्यात सहा वर्षांची एक मुलगी. स्टेडियममधे लाखावर लोकांना तपासावं लागलं.

मोरपीस, भांडी आरामात वापरा. घरच्या भांड्यांपेक्षा तुमच्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर मीटर जास्त हलेल.

आता गाडी परत पाठवण्याबद्दल. नको. सगळ्यात चुकीची गोष्ट तीच. तुम्ही परत पाठवली की भंगारवाला काय करणार, ज्याच्याकडे मीटर नाही अशा पुढच्या फाउंड्रीत टाकणार. म्हणजे मीटर घेऊन तुम्ही फक्त शेजाऱ्याचा नंबर लावलात. मीटर वाजला तर आधी ड्रायव्हरला उतरवून बाजूला नेऊन पुन्हा मोजा (जालनेकरांचा किस्सा). तरी वाजला तर गाडी आवारातच एका कडेला, माणसांपासून लांब. आकडा बॅकग्राउंडवर (त्या जागेच्या नेहमीच्या नैसर्गिक पातळीवर) येतो तिथवर दोरी बांधा. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो, त्यामुळे हिरोगिरी करण्यापेक्षा पावलं मागे टाका. माल उपसून "बघू तरी काय आहे" नको. आणि एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) फोन. त्यांचं ऑफिस अणुशक्तीनगरलाच आहे. कारखानदार घाबरतात की आपल्यावरच केस होईल, पण कळवणाऱ्यापेक्षा गुपचूप वितळवणाऱ्याचं नुकसान किती मोठं असतं ते स्पेनवाल्यांना विचारा. कोट्यवधी डॉलर गेले त्यांचे.

जालनेकर | मंगळवार, रात्री १०.१५

ताई बरोबर बोलायल्यात, पण जमिनीवरची अडचण सांगतो. गाडी आवारात ठेवायची म्हणलं की ट्रान्सपोर्टवाला डिटेन्शन (गाडी अडकल्याचे पैसे) मागतो, मालक म्हणतो बाहेर काढ, पोलिसाला फोन केला तर तो विचारतो बॉम्ब आहे का. आमच्याकडं एकदा पूर्ण दिवस गाडी उभी होती आणि ड्रायव्हर तिच्याच सावलीत झोपलेला. त्याला कितीदा उठवलं.

प्रश्नार्थक | बुधवार, सकाळी ८.३०

ठीक आहे, नाटक हा शब्द मागे घेतो. पण विद्यापीठानं लिलावात काढायचं आणि दीडशे टनवाल्या कास्टिंगवाल्यानं मीटर घ्यायचा, हा न्याय काही पटला नाही. जो सोर्स वापरतो त्यानं शेवटपर्यंत हिशोब द्यावा.

गॅमाताई | बुधवार, सकाळी ८.५५

ह्याला शंभर टक्के अनुमोदन. कायद्यात तेच आहे, सोर्स वापरून झाला की परवानगी घेऊन पुरवठादाराकडे किंवा अधिकृत ठिकाणी परत. आमच्याकडे एकेक सोर्स एईआरबीच्या ऑनलाइन नोंदीत असतो. अडचण जुन्या, नोंदी धड नसलेल्या आणि बंद पडलेल्या ठिकाणच्या यंत्रांची. मायापुरीचा हिशोब बघा. कोबाल्टचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ) सव्वापाच वर्षं. यंत्र बंद पडल्यापासून पंचवीस वर्षं गेली, म्हणजे १९८५ च्या मानाने सत्ताविसावा हिस्सा उरला होता. तेवढ्यानं माणूस गेला. सीझियम असता तर निम्म्याहून जास्त शिल्लक असता.

शिरोलीकर | शनिवार, संध्याकाळी ७.२०

मंडळी, धाग्याचं एवढं होईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, आता अपडेट.

ओळखीतल्या एकाकडनं सिंटिलेटरवाला हातातला मीटर आठवड्यासाठी आणला. जीएम ट्यूबवाला (साधा गायगर काउंटर) पण होता त्याच्याकडं, पण तो टक टक करत आरामात आकडा दाखवतो, चालत्या गाडीला काय उपयोगाचा नाही. सकाळी गेटवर बॅकग्राउंड घेतला, ०.०६ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास. राईनकाठचा यांना व्यनित (खाजगी निरोपात) विचारलं तर ते म्हणाले आपल्या काळ्या पाषाणात कमीच असतो.

पहिल्या गाडीला दोन्ही बाजूंनी सावकाश फिरलो, काय नाही. दुसरी, काय नाही. मग हौसेनं मीटर हातात घेऊन शॉपमधनं चाललो होतो, तर कोअर शॉपच्या (साच्यातले वाळूचे गाभे बनवायच्या खोलीच्या) कोपऱ्यात आकडा एकदम वर जायला लागला. ०.१, ०.१५, ०.२. माझे पाय गार. आमचा कोअरवाला मामा तिथंच बसून डबा खात होता, त्याला म्हटलं मामा उठा आधी. तो म्हणतो भाजी संपवू दे की.

शोधत गेलो तर झिरकॉनच्या कोटिंगची पोती. वीस वर्षं आम्ही वापरतोय. ताई, हे काय आहे?

गॅमाताई | शनिवार, रात्री ८.०५

मामांना भाजी संपवू द्या :) झिरकॉनच्या वाळूत मुळातच थोडं युरेनियम आणि थोरियम असतं, म्हणून मीटर हलला. जालनेकरांच्या विटांचंही बहुतेक तेच. तो आकडा पोत्याला लागून आहे, दोन मीटरवर बघा, बॅकग्राउंडवर आला असेल. फक्त ती धूळ श्वासातून जाऊ देऊ नका, मास्क वापरा. तो रेडिएशन नसतं तरी वापरायलाच हवा होता. आणि पोती गेटपासून लांब ठेवा, नाहीतर रोज तुमचं बॅकग्राउंडच चुकेल.

राईनकाठचा | शनिवार, रात्री ८.३०

सर्टिफिकेटवर "रेडिओॲक्टिव्ह नाही" असं लिहू नका. तसं जगात काहीच नसतं. मीटरचं मॉडेल, कॅलिब्रेशनची तारीख, त्या दिवशीचं बॅकग्राउंड आणि लॉटवरचं सगळ्यात मोठं वाचन लिहा. इकडचा क्वालिटीवाला तेच बघतो. आकडा नसलेला शिक्का दिसला की उलट संशय येतो त्याला.

आणि पोर्टलचं म्हणाल तर तुमच्या दिवसाला दोन-तीन गाड्यांसाठी आत्ता नको. पण एक लक्षात ठेवा, गाडीच्या मधोमध, सगळीकडून फूटभर लोखंडाखाली सोर्स असला तर बाहेरून पोर्टलला पण तो निसटू शकतो. म्हणून माल खाली पसरल्यावर पुन्हा एकदा, आणि मग हीटचं बटण, स्लॅग आणि फिल्टरची धूळ मीटरला लावून एकेक मिनिट.

शिरोलीकर | शनिवार, रात्री ९.१०

तसंच करतो. चार्जिंग करणाऱ्या दोन पोरांना शिकवलंय, वाचन वहीत लिहायचं आणि खाली सही. शून्य आलं तरी लिहायचं. हूटरच नसल्यानं वायर काढायचा प्रश्न मिटला, जालनेकर भाऊ.

आणि एक. भंगारवाला आज आला होता, मीटर बघून आधी जरा नाराज झाला, संशय घेता का म्हणाला. मग चहा घेता घेता त्यानंच सांगितलं, मागच्या वर्षी एका बंद पडलेल्या कारखान्यातनं एक गोल डबा आणलाय, लई जड आहे, अजून फोडला नाही. गोडाऊनच्या मागं ठेवलाय.

गॅमाताई | शनिवार, रात्री ९.१२

हात लावू देऊ नका. त्याला आत्ता फोन करा, तिथे कुणी झोपतं का ते विचारा. मी नंबर व्यनित पाठवतेय.

शिरोलीकर | शनिवार, रात्री ९.१४

त्याचा वॉचमन झोपतो. लावतोय फोन.